खाली घेतलेली ओम्नी पुन्हा पुन्हा घासते, ठोके देते, टायर खाते: मूळ दोष आणि दुरुस्ती

तक्रार बहुधा अशी असते. ओम्नी खाली घेतली, म्हणजे स्प्रिंग आणि पाटे बदलून बॉडीची उंची कमी केली, पहिले काही आठवडे झकास चालली. मग स्पीडब्रेकर उतरताना मागून धप्प असा ठोका यायला लागला. चार-पाच माणसं घेऊन तुळजापूरला निघालं की मागचा टायर मडगार्डला घासतो. पुढचे टायर आतल्या बाजूने संपतात. अलाइनमेंट केलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. शॉकअप नवे टाकले, तेही सहा महिन्यांत तेल सोडून मोकळे.

या चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक गाड्यांत मूळ एकच निघतं: गाडी डोळ्यांना बरी दिसेल इतकी खाली घेतली जाते, पण चाकाला वर जायला किती जागा उरली हे कुणी मोजलेलं नसतं. या उरलेल्या जागेला पुढे सगळीकडे ‘चाल’ म्हटलं आहे. चाल संपली की गाडी स्प्रिंगवर न राहता रबरी स्टॉपवर बसून चालते. मग प्रत्येक धक्का बॉडीला, शॉकअपच्या दांड्याला आणि पाट्याच्या सेंटर बोल्टला (पाट्यांची जुडी मधोमध धरणाऱ्या बोल्टला) थेट बसतो. सुटे भाग कितीही बदलले तरी तक्रार परत येते ती यामुळे.

१९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली, १९८८ पासून ओम्नी या नावाने विकली गेलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली ही गाडी खाली घ्यायला तशी सोपी. पुढे स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ हाउसिंग (दोन्ही मागची चाकं जोडणारी लोखंडी नळी) आणि पाटे. पण रिकामी गाडी भरते साधारण ७८५ किलो. सरासरी ६५ किलोची पाच माणसं बसली तर ३२५ किलो वाढले, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. मोठ्या गाडीत पाच माणसं बसली तर फारसं जाणवत नाही, ओम्नीत जाणवतं. म्हणून रिकाम्या गाडीवर ठरवलेली उंची इथे हमखास फसवते.

आधी मोजमाप, मग पाना

सपाट शहाबादी फरशी किंवा काँक्रीट बघा. दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे किंवा मॅन्युअलप्रमाणे हवा भरा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना टेपने मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, कारण त्यात टायरची हवा आणि टायरची झीज मिसळते आणि आकडा उपयोगाचा राहत नाही.

आता वजन टाका. सिमेंटच्या गोण्या यासाठी उत्तम, एक गोणी बरोबर ५० किलोची. दोन पुढच्या सीटांवर आणि चार मागे ठेवल्या की ३०० किलो होतात. गाडी एकदा पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. रिकाम्या आणि भरल्या आकड्यातला फरक म्हणजे त्या चाकाची बैठक.

मागची उरलेली चाल डोळ्यांना दिसते: रबरी स्टॉप आणि तो जिथे आपटतो ती जागा, यांतलं अंतर. पुढची चाल स्ट्रटच्या आत लपलेली असते. तिच्यासाठी स्ट्रटच्या चकचकीत दांड्यावर, धूळ-कव्हर वर सरकवून, एक प्लॅस्टिकची केबल टाय बांधा आणि ती खाली सीलला टेकवा. गाडी भरून नेहमीच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा. टाय वर सरकून जिथे थांबली असेल तिथपर्यंत स्ट्रट दाबला गेला होता. टाय रबरी स्टॉपपर्यंत पोहोचून चेपली असेल तर पुढचं निदान जवळजवळ झालंच. हीच युक्ती मागच्या शॉकअपलाही चालते, जर दांडा उघडा असेल.

भरल्या गाडीत मागे रबराला टेकायच्या आधी किमान ४० मिमी आणि पुढे किमान ३० मिमी चाल शिल्लक हवी. सोलापूरच्या रस्त्यांसाठी यापेक्षा कमी धरू नये. इथे खालची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबर गुळगुळीत दिसलं तरी रस्त्याला लाटा पडलेल्या असतात. त्यात ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी कडा दबतात. अशा लाटेवर गाडी ५० च्या वेगाने गेली की खड्डा नसतानाही सस्पेन्शन पूर्ण दाबलं जातं.

एक उदाहरण घ्या. समजा रिकाम्या गाडीत मागे रबरापर्यंत ९५ मिमी अंतर आहे आणि ३०० किलोने मागची बाजू ४५ मिमी बसते. भरल्यावर ५० मिमी उरले. आता कुणी मागून गाडी ५० मिमी खाली घेतली, तर भरल्यावर उरले शून्य. गाडी रिकामी असताना छान चालणार आणि माणसं बसली की रबरावर. ‘कधी कधी घासते’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा या साध्या वजाबाकीत असतं.

मागे: पाटा काढणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय

गाडी खाली घ्यायची म्हणून पाट्यांच्या जुडीतला एक पाटा काढून टाकायचा, ही पद्धत सर्रास चालते. फुकटात होते, अर्ध्या दिवसात होते, म्हणून लोकांना पटते. पण तिने दुहेरी मार बसतो. समजा जुडीत सारख्या जाडीचे चार पाटे आहेत आणि एक काढला. ताकद पाऊण राहिली. आधी जी गाडी ३०० किलोने ४५ मिमी बसत होती ती आता ६० मिमी बसणार. म्हणजे सुरुवात खालून आणि वर बैठकही जास्त. शिवाय उरलेल्या पाट्यांवर ताण वाढतो आणि मुख्य पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकतो. ही तड वरून दिसत नाही. यू-बोल्ट (पाटा हाउसिंगला आवळून धरणारे बोल्ट) काढून, पाटा घासून स्वच्छ करून, भोकाच्या दोन्ही बाजूंना भिंगाने बघावी लागते. एक पाटा काढलेल्या गाडीत मागची एक बाजू हळूहळू जास्त बसायला लागली असेल तर आधी ही तड शोधा.

योग्य पद्धत म्हणजे सगळे पाटे ठेवून कमान उतरवणं. पाट्याचं काम करणाऱ्याकडे थंड प्रेसवर हे होतं. भट्टीत लाल करून कमान उतरवून देणारेही भेटतात, पण तापवल्यावर तेलात विझवून पुन्हा योग्य तापमानाला पाणी द्यायची सोय त्यांच्याकडे नसेल तर पाटा मऊ पडतो आणि बसतच जातो. सांगताना ‘थोडी खाली घ्या’ असं सांगू नका. आकडा द्या: मागून ३० मिमी. प्रेसवरून आल्यावर दोन्ही जुड्या एकमेकींशेजारी फरशीवर उभ्या करून कमानीची उंची मोजा. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर परत द्या, गाडीवर चढवून बघू म्हणू नका.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. कमान उतरली की पाटा लांबतो, त्याच्या दोन टोकांच्या डोळ्यांमधलं (बोल्टच्या वेटोळ्यांमधलं) अंतर वाढतं आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी कडी, मागे कलतो. गाडी भरल्यावर तो आणखी कलतो. कलून कलून तो चासीला टेकला तर पाटा तिथेच अडकतो आणि मागून टणक, लोखंडावर लोखंड असा ठोका येतो. रबराचा ठोका बोदा असतो, शॅकलचा कडक. गोण्या भरलेल्या गाडीखाली बॅटरी मारून शॅकल आणि चासी यांच्यात बोट जातंय का बघा. शॅकलवर किंवा चासीवर रंग उडून चमकती खूण दिसली तर शंका राहत नाही.

ब्लॉक टाकून गाडी खाली घेणारेही आहेत. आधी गाडीखाली जाऊन पाटा हाउसिंगच्या वर आहे की खाली ते बघा. पाटा हाउसिंगच्या खाली असेल तर मध्ये ब्लॉक टाकून गाडी खाली येते. पाटा वर असेल तर तोच ब्लॉक गाडी वर उचलतो. पाटा वर असलेल्या गाडीत तो काढून खाली बांधायचा प्रकारही होतो. त्यात हाउसिंगच्या नळीचा व्यास आणि जुडीची जाडी मिळून जेवढं होईल तेवढी गाडी एका झटक्यात खाली येते. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी असताना एवढा ड्रॉप या गाडीत घेऊ नये. चाल काही उरत नाही.

ब्लॉक टाकलाच तर तो एकसंध पोलादी हवा, त्याला खाली-वर सेंटर बोल्टसाठी भोक आणि खुंटी हवी. दोन पातळ ब्लॉक एकावर एक, लाकडाचा गुटका, वेल्डिंगने जोडलेल्या पट्ट्या, यांतलं काहीही नको. खुंटी नीट बसली नाही की हाउसिंग सरकतं, गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग सरळ धरायला हात वाकडा ठेवावा लागतो. अलाइनमेंटवाला पुढचं टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) कितीही फिरवो, हे जात नाही. तपासायला पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून हाउसिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दोष मागे आहे.

यू-बोल्ट दर वेळी नवेच. जुना एकदा ताणला गेलेला असतो, तो पुन्हा तेवढी पकड देत नाही. ब्लॉकच्या उंचीएवढी जास्त लांबी घ्या. चारही नट तिरप्या क्रमाने, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की प्लेट तिरकी बसते आणि आठवड्यात ढिली होते.

५० ते ७० च्या वेगात फरशीला गुरगुर

खाली घेतल्यावर थरथर सुरू झाली तर लोक थेट चाक बॅलन्सिंगला जातात. बॅलन्सिंगची थरथर स्टिअरिंगला किंवा सीटला वेगाप्रमाणे येते. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते आणि सोडला की बदलते अशी गुरगुर असेल तर ती प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याची. हाउसिंग वर सरकल्याने शाफ्टचा कोन बदललेला असतो.

मोबाइलमधलं लेव्हल ॲप पुरेसं आहे. गाडी चाकांवर उभी, गोण्या आत. गिअरबॉक्सच्या टोकाचा, शाफ्टचा आणि हाउसिंगच्या तोंडाचा, असे तीन कोन घ्या. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांतला फरक हा पुढच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा) कोन, शाफ्ट आणि हाउसिंग यांतला फरक हा मागच्या क्रॉसचा. दोन्ही ३ अंशांच्या आत आणि एकमेकांच्या १ अंशाच्या आत हवेत. अगदी शून्यही नको: क्रॉसच्या आतल्या सुया फिरल्या नाहीत तर एकाच जागी खळगे पाडतात. मागचा कोन सुधारायला पाटा आणि हाउसिंगची गादी यांत पोलादी पाचर घालतात. गादी ६० मिमी रुंद असेल तर १ अंशाला पाचरीच्या जाड्या टोकाला साधारण १ मिमी लागतो. लेथवाल्याला हाच आकडा द्या, तो डोळ्याने घासेल या भरवशावर राहू नका.

शाफ्टच्या सरकत्या टोकावर ऑइल पेंटची रेघ मारा आणि मागून गाडी पूर्ण दाबलेल्या स्थितीत ते टोक अजून किती आत जाऊ शकतं ते बघा. आत जायला जागाच उरली नसेल तर प्रत्येक मोठ्या धक्क्याला शाफ्ट गिअरबॉक्सला मागून मारतो. शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथला ऑइल सील पुन्हा पुन्हा गळण्यामागे हे कारण असू शकतं.

पुढे: कॉइल कापताना

कॉइल गॅस कटरने कापू नका आणि तापवून बसवूही नका. तापवलेली कॉइल त्या दिवशी हवी तेवढी बसते, पण तिचं पाणी गेलेलं असतं. पुढचे काही महिने ती बसत राहते, तीही दोन्ही बाजूंनी सारखी नाही. गाडी एका बाजूला कललेली दिसते ती इथूनच. कापायचीच असेल तर पातळ कटिंग व्हीलने, मधूनमधून पाणी मारत, एका वेळी पाव आटा.

किती कापायचं याचा सोपा हिशेब आहे. गाडी जमिनीवर उभी असताना लागून असलेल्या दोन आट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एक आटा कापला की गाडी जवळजवळ तेवढीच बसणार. कारण वजन तेच असल्याने उरलेला प्रत्येक आटा आधीएवढाच दाबलेला राहतो, फक्त एक आटा कमी होतो. समजा हे अंतर ३० मिमी आलं, तर पाऊण आट्याला साधारण २२ मिमी. कॉइल मात्र कडक होते: सहा चालते आटे असतील आणि एक गेला तर कडकपणा सहाला पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्के वाढतो. पुढे हे फायद्याचं, कमी चालीत जास्त कडक स्प्रिंग हवीच असते. पण जुने दमलेले शॉकअप ही वाढलेली ताकद आवरू शकत नाहीत आणि गाडी लाटांवर डुलते.

कापलेलं टोक स्ट्रटच्या वाटीतल्या खाचेत नीट बसलं पाहिजे. कॉइलच्या ज्या टोकाला सपाट केलेला आटा असेल ते टोक कापू नका. मग चाक अधांतरी लटकवून, म्हणजे गाडी घोडीवर ठेवून, कॉइल हाताने फिरवून बघा. ती सैल फिरत असेल किंवा वर-खाली हलत असेल तर जास्त कापली गेली आहे. खड्ड्यात चाक लटकलं की ती जागेवरून सुटेल आणि परत बसताना टणक असा आवाज करेल. खाली घेतलेल्या गाडीत वळताना आणि रिव्हर्स घेताना पुढून येणारा ‘टण्ण’ बहुधा हाच, आणि तो आला की गाडी चालवू नये. पुढच्या वळणाऱ्या चाकापाशी सुटलेली कॉइल टायरच्या आतल्या भिंतीला लागू शकते. उपाय एकच: कमी उंचीसाठी बनवलेली, पण लटकलेल्या चाकातही दाबात राहणारी कॉइल, किंवा जुनी मूळ कॉइल परत.

स्ट्रटच्या दांड्यावरचा रबरी स्टॉप काढून टाकल्याने चाल वाढते असं अनेकांना वाटतं. चाल वाढते, पण ती थांबवणारं कुणी राहत नाही. दांड्याचं टोक आतल्या व्हॉल्व्हवर आपटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत स्ट्रट तेल सोडतो. स्टॉप जास्तीत जास्त एक तृतीयांश कापा, तोही सपाट बाजूने. निमुळतं टोक ठेवा, कारण पहिला मऊ दाब तेच घेतं. मागचा शॉकअप मूळ लांबीचा ठेवला तर रबर टेकायच्या आधी शॉकअप पूर्ण मिटतो की काय हे तपासा. मिटत असेल तर छोट्या लांबीचा शॉकअप घ्यावा लागतो. जास्त कडक शॉकअप टाकून हा प्रश्न सुटत नाही.

टायर आतून खातात

पुढची बाजू खाली आली की लोअर आर्मचा आणि टाय रॉडचा कोन बदलतो. दोन्ही सारखे बदलत नाहीत, म्हणून टो हलतो. त्यात कॅम्बरही, म्हणजे समोरून बघता चाकाचा कल, थोडा आत झुकतो. दोन्हीपैकी कोण खातंय हे टायरवर हात फिरवून कळतं. बाहेरून आत हात फिरवताना रबराच्या कडा बोटांना टोचत असतील आणि आतून बाहेर गुळगुळीत लागत असेल, तर टो बाहेर उघडलेला आहे. आतली कड गुळगुळीत पण झिजलेली असेल तर कॅम्बर. खाली घेतलेल्या गाडीत बहुधा टो जास्त नुकसान करतो. टायरच्या व्यासावर एकूण ३ मिमीचा चुकीचा टो असेल तर प्रत्येक टायर एका किलोमीटरमागे जवळपास पावणेतीन मीटर आडवा घासला जातो. सोलापूर ते पंढरपूर जाऊन येईपर्यंत काय होत असेल याचा हिशेब करा.

अलाइनमेंटवाल्याकडे टाय रॉडवर फक्त टो फिरवता येतो. त्यामुळे पट्टीवर कॅम्बर लाल दिसला तरी ‘टो केलं, बाकी चालतंय’ म्हणून गाडी परत मिळते. तरीही टो बरोबर झाला तर बरीचशी झीज थांबते. अट ही की अलाइनमेंट उंची पक्की झाल्यावर आणि ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीचं वजन ठेवून करायचं. कॉइल किंवा पाटा नवा बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत तो थोडा बसतोच. त्याच दिवशी केलेलं अलाइनमेंट वाया जातं. निदान २०० किलोमीटर चालवा, मग करा.

‘केलं, पण परत बिघडलं’ यामागे आणखी एक कारण असतं, ते बुशचं. लोअर आर्मचा आणि पाट्याच्या डोळ्याचा बोल्ट चाक लटकलेलं असताना पूर्ण आवळला जातो, कारण तेव्हा हात सहज पोहोचतो. जिथे रबर लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं तिथे ते रबर त्या लटकलेल्या स्थितीत घट्ट होतं. गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत रबर फाटतं, आर्म मागे-पुढे हलतो, टो रोज वेगळा. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा असं पिळलेलं रबर आणखी लवकर जातं. सगळे बोल्ट आधी फक्त लावून घ्या, गाडी चाकांवर उभी करून दोन-चार वेळा दाबा, मग शेवटचं आवळा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

टायर नक्की कुठे घासतो

आवाजावरून जागा सांगू नका. टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला खडू फासा, गाडी भरून एक फेरी मारा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून खड्ड्यावरून न्या. पांढरं कुठे उमटलं ते बघा. पावसाळ्यात आधी मडगार्डच्या आतली काळी माती खरवडून काढा. ती वाळून दगडासारखी होते, चांगली बोटभर जागा खाते आणि गाडी ‘अचानक घासायला लागली’ असं वाटतं.

१३ इंची रुंद अलॉय घातल्यावर घासतंय असं असेल तर उंचीपेक्षा चाकाचा ऑफसेट (चाक बोल्टच्या जागेपासून किती आत किंवा बाहेर बसतं ते) बघा. ओम्नीला बोल्टची मांडणी ४ × ११४.३ लागते, पण बोल्ट जुळले म्हणजे चाक जुळलं असं होत नाही. टायर घेताना बाजूवरचा भार आकडा बघा: ७३ म्हणजे एका टायरवर ३६५ किलो, ८६ म्हणजे ५३० किलो. पाच माणसं आणि सामान नेणाऱ्या गाडीला जेमतेम आकड्याचा कार टायर घालून खाली घेणं धोक्याचं. मडगार्डची कड ठोकून आत वळवायची असेल तर थोडी, रंग तडकू न देता, आणि नंतर तिथे रंग-गंजरोधक मारून.

पोट आपटणं हा वेगळा प्रश्न आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापातला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ओम्नीचा व्हीलबेस १.८४ मीटर, म्हणजे अख्खी गाडी त्यावर चढते आणि दोन चाकांच्या मध्ये पोटाकडे फक्त अडीच सेंटिमीटर उंचवटा येतो. त्यावर खाली घेतलेली गाडीही आपटत नाही. आपटते ती गल्ल्यांतल्या अरुंद, ताठ उंचवट्यांवर, कारण तिथे संपूर्ण उंची चाकांच्या मध्ये मावते. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट उंचवटा मोजा, त्यात ३० मिमी मिळवा. भरलेल्या गाडीचा सायलेन्सर, टाकी किंवा खाली बसवलेली एलपीजीची टाकी त्याहून खाली यायला नको. एलपीजीची टाकी गाडीखाली असेल तर गाडी खाली घेऊच नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

या सगळ्यातून सोलापुरात रोज वापरायच्या ओम्नीसाठी बसणारा आकडा पुढे २० ते २५ आणि मागे २५ ते ३० मिमी एवढाच निघतो, आणि तोही भरल्या गाडीत वर सांगितलेली किमान चाल शिल्लक राहत असेल तरच. फोटोत तो कमी वाटतो, पण गाडी पाच माणसं घेऊन अक्कलकोटला जाऊन येते. मागे पुढच्यापेक्षा २० मिमी जास्त खाली घेतलं तर हेडलाइट १० मीटरवर जवळपास ११ सेंटिमीटर वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो, म्हणून दिवे नव्याने लावून घ्या. ब्रेकचा मागचा लवचिक पाइप आणि हँडब्रेकची केबल चाक पूर्ण दाबून आणि पूर्ण लटकवून, दोन्ही स्थितींत बघा. मागे भाराप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी असेल तर खाली घेतलेली रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं लवकर जाम होतात. दांडी नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यावी लागते.

कायद्याची बाजूही माहीत हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही आणि कलम १८२अ (४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच-१३ (सोलापूर पासिंग) च्या बऱ्याच ओम्नी आता पंधरा वर्षांच्या पुढे गेलेल्या, त्यांना नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावंच लागतं. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. मूळ कॉइल, मूळ पाटे आणि पूर्ण लांबीचे शॉकअप भंगारात देऊ नका, तेल लावून, गोणपाटात बांधून ठेवा.

काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरला यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि ५०० ला परत. नटवर आणि प्लेटवर मिळून पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवली तर ढिला झालेला नट खाली वाकून नुसत्या नजरेने दिसतो. त्याच वेळी केबल टाय पुन्हा सीलला टेकवा, पुढच्या खेपेला चाल किती वापरली गेली ते समजेल.